मोराचा सा, शेळीचा ग

लेण्यातल्या त्या छोट्या खोलीत बुवा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही सात-आठ पोरं दारात दाटीवाटीनं. कुणाच्या हातात भाकरीचं फडकं, कुणाच्या खांद्यावर पाण्याची बाटली. बुवांनी डोळे मिटले आणि अगदी हलक्या आवाजात सा लावला. मग तो किंचित खाली आणला, पुन्हा किंचित वर नेला. अंधारात कुलपाचं भोक चाचपत किल्ली फिरवावी तसा. आणि एका जागी ती खोलीच गायला लागली. बुवांनी आवाज वाढवला नव्हता, तरी तो आता त्यांच्या तोंडातून येत नव्हता. भिंतीतून, छतातून, माझ्या छातीच्या पिंजऱ्यातून येत होता.

"ऐकायलीस ना?" मागे न वळता ते म्हणाले. "मी नाही गायलो. खोली गायली."

मी तेव्हा बारा वर्षांची होते. गाण्याच्या प्रारंभिकच्या परीक्षेसाठी बुवांकडे शिकायला जायचे. धाराशिव गावापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात ही लेणी आहेत. रविवारी बुवा आम्हाला तिथं घेऊन जात, पेटीशिवाय. आता बुवा नाहीत, आणि मी त्याच लेण्यांत, त्याच रानात कॅमेरा आणि तिपाई घेऊन फिरते. गाणं माझ्याच्यानं पुढं झालं नाही. पण माझा एकही बरा फोटो असा नाही की ज्याच्या आधी बुवांनी मला काहीतरी ऐकायला लावलेलं नव्हतं.

त्या खोलीचं कोडं मला पुष्कळ वर्षांनी उलगडलं, आणि उलगडल्यावर ते आणखी मोठं वाटायला लागलं. उघडा दगड आवाज जवळजवळ पीतच नाही. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग तो परत करतो. घरात गाद्या, पडदे, कपडे, माणसं आवाज खातात. लेण्यात खायला कुणी नाही. म्हणून तिथं एक सूर सोडला की तो कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतो. पण खोली गाते, ते वेगळ्याच कारणानं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये हवेचा एक पट्टा अडकलेला असतो. तारेसारखाच. तारेची लांबी जशी तिचा सूर ठरवते, तशी भिंतींमधली जागा त्या हवेचा सूर ठरवते. समजा खोली आठ फूट रुंद आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो असं धरून हिशेब केला, तर त्या हवेचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे ७० कंपनांचा येतो. त्याच्या वरचा १४० चा. त्याच्या वरचा २१० चा.

आता पेटीवर बघा. बुवा काळी एकमध्ये गात. तिचा मधला सा सुमारे १३९ कंपनांचा. त्यांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. आणि काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, जी माझी पट्टी, तो २०८. खर्ज, षड्ज, पंचम. आठ फुटांची एक रिकामी दगडी खोली म्हणजे काळी एकला अगदी किंचित चढा लावलेला तंबोरा! खरी खोली काही इतकी नेमकी चौकोनी नसते, दार उघडं असतं, छताची उंची आपला वेगळा सूर मिसळते. म्हणून तर बुवा किल्ली फिरवल्यासारखे वर-खाली होत होते. त्यांना हा हिशेब ठाऊक नव्हता. सूर लागला की दगड साथ देतो, एवढं त्यांना त्यांच्या गळ्यानं सांगितलं होतं.

सात लेण्यांच्या या समूहातलं दुसऱ्या क्रमांकाचं लेणं सर्वांत मोठं. मधला मंडप ८० फूट लांब आणि ८० फूट रुंद, भोवती भिक्षूंच्या राहण्याच्या १४ खोल्या, आणि आत गाभाऱ्यात पद्मासनातली मूर्ती. मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांसारखी. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात या लेण्यांची नोंद केली. ही मुळात बौद्ध आणि पुढं जैन झालेली, की पहिल्यापासून जैन, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मी त्यात पडत नाही. चौदा खोल्यांत एकेक माणूस बसून संध्याकाळी काहीतरी म्हणत असेल, आणि चौदाही खोल्या आपापल्या सुरात मंडपाला ते परत देत असतील, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं येतं.

या लेण्यांची एक गोष्ट सुमारे हजार वर्षांपूर्वी मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत लिहून ठेवली आहे, 'करकंडचरिउ' या काव्यात. राजा करकंड तेरापूरजवळच्या डोंगरात येतो. हे तेरापूर म्हणजे आपलं तेर. तिथं त्याला लेणं सापडतं, आत पार्श्वनाथांची मूर्ती. मूर्तीवर एक गाठ असते. राजाला ती खटकते आणि तो ती फोडायला लावतो. ती गाठ म्हणजे झऱ्याला मारलेलं बूच होतं. पाणी उसळतं आणि लेणं भरून जातं.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा चमत्कार म्हणून ऐकली. आता पावसाळ्यात लेण्याच्या छतावरून ठिबकणाऱ्या थेंबाचा फोटो काढताना वाटतं, हे लिहिणाऱ्यानं डोंगर नीट बघितला होता. आपला सगळा डोंगर म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास वाहिलेला लाव्हा. एक लाट आली, थंडावली, तिच्यावर दुसरी. प्रत्येक लाटेचा एक भाग घट्ट काळा, दुसरा बुडबुड्यांनी भोकं पडलेला, भुसभुशीत. दोन लाटांच्या मधे कुठं कुठं लाल मातीचा पातळ थर. पाऊस फटींतून खाली उतरतो, त्या लाल थरावर अडतो आणि आडवा वाट काढतो. डोंगराच्या पोटात नेमक्या जागी छिन्नी लागली, तर पाणी येणारच. लेणं कोरणाऱ्या कारागिराला हे राजापेक्षा जास्त कळत असणार.

लेण्यात फोटो काढायचा तर आधी बसावं लागतं. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर जे दिसतं ते अर्धवट असतं. कॅमेऱ्यालाही तेच. मी फ्लॅश वापरत नाही, कारण त्या झगझगाटात दगडाची खोली मरते आणि वर लटकलेली वटवाघळं बिथरतात. तिपाई लावते, तीस सेकंद पडदा उघडा ठेवते. समोरच्या अंगणातल्या मातीवर पडलेलं ऊन परतून आत येतं, खांबांवर चढतं, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी थकतं. तीस सेकंद कशालाही धक्का लागू द्यायचा नाही. श्वास रोखून एकच स्वर धरायचा सराव बुवांनी करून घेतला होता. मला तो असा उपयोगी पडला.

माझ्याकडे बुवांची एक वही आहे. तिच्यात एका पानावर सात स्वर उभे लिहिलेत आणि प्रत्येकासमोर एक प्राणी. सा मोर, रे चातक, ग शेळी, म क्रौंच, प कोकिळ, ध बेडूक, नि हत्ती. खाली बुवांच्या अक्षरात: 'ऐकून ये.' हा आमचा उन्हाळ्याच्या सुट्टीतला अभ्यास होता. शाळेच्या पोरांना निबंध असतो, आम्हाला हे.

यादी बुवांची नव्हे. ती शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या काळात लिहिला गेला. लिहिणाऱ्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते आणि तो स्वतः राजाच्या हिशेबखात्यात अधिकारी होता. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतं ज्याला मानतात तो ग्रंथ आमच्या मराठवाड्यात लिहिला गेला, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. बुवांनी सांगितलं. यादी त्याच्याही आधीची. 'नारदीय शिक्षे'त चातकाच्या जागी गायबैल आणि बेडकाच्या जागी घोडा आहे. मोराच्या आवाजाचं षड्जाशी नातं तर कालिदासानंही 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात सांगितलं आहे.

पण मोर खरंच सा लावतो का? मी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेऊन बसले आहे. मोराची केका एका सुरावर थांबतच नाही. चढते आणि कोसळते. शिवाय आपल्याकडे सा म्हणजे ठरलेली कंपनसंख्या नव्हेच. ज्याला त्याला आपापल्या गळ्याचा सा. मग शास्त्रकारांनी काय ऐकलं होतं? मी एकदा बुवांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मोर ओरडला की सगळं रान गप होतंय आणि मग त्याच्यापासून मोजायला लागतंय. म्हणून तो सा."

असं गप झालेलं रान मी येडशीच्या रामलिंग घाटात अनुभवलं. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर हे अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. खाली दरीत रामलिंगाचं देऊळ. जटायू इथंच पडला अशी लोकांची श्रद्धा. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा कोसळतो, माकडं पायऱ्यांवर बसून माणसांच्या पिशव्या हेरत असतात. उन्हाळ्यात हेच रान इतकं करपतं की इथं काही जगतं यावर विश्वास बसू नये. तरी जगतं. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे पाचशे किलोमीटर चालून इथं पोचला आणि वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये आला. माझ्यासारखी माणसं वर्षानुवर्षं तिपाई घेऊन बसतात, आणि झाडाला बांधलेली एक पेटी कुणी नसताना वाघ टिपते. त्या फोटोचा मला हेवा वाटला नाही. वाघानं कुठल्या कुठल्या शेतांच्या बांधांवरून, किती रस्ते ओलांडून, किती रात्री घालवल्या असतील, याचाच विचार कितीतरी दिवस मनात होता.

मोराकडे येते. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी तो पिसारा उभा करून माझ्यासमोर वीस हातांवर उभा राहिला. त्याची पिसं थरथरत होती आणि कोरड्या पानांतून वारा जावा तशी सळसळ येत होती. उजेड कमी होता, म्हणून एक साठांश सेकंद ठेवून फोटो काढला. घरी येऊन मोठा करून बघितला आणि थांबलेच. पिसाऱ्याच्या लांब दशा सगळ्या हललेल्या, धुरकट. पण पिसावरचे डोळे, ते निळे-हिरवे डोळे, सुईच्या टोकासारखे स्वच्छ, जागच्या जागी. एकाच पिसाचा एक भाग हललाय आणि एक नाही, हे कसं?

उत्तर रोझलिन डेकिन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात मिळालं. मोर पिसारा सेकंदाला सुमारे २५ वेळा थरथरवतो. बाकी पिसाच्या दशा सुट्या असतात, पण डोळ्याच्या भागातल्या दशा बारीक बारीक आकड्यांनी एकमेकींत अडकलेल्या असतात, त्यामुळे तो भाग एकसंध आणि जड राहतो. भोवतीचं सगळं कंप पावतं आणि डोळा जवळजवळ स्थिर. लांडोरीला काय दिसत असेल, तर झुळझुळत्या पडद्यावर न हलता टांगलेले दीडएकशे डोळे. आणि त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं की या थरथरीतून असाही आवाज निघतो जो आपल्याला ऐकूच येत नाही. माणसाचा कान सेकंदाला २० कंपनांच्या खाली बहिरा. मोर त्याच्याही खाली उतरतो. बुवांच्या खर्जाच्या तारेच्या खाली आणखी एक खर्ज, रानात, लांडोरीसाठी. हे वाचलं त्या दिवशी मला बुवा घरी हवे होते.

चातकाला मी बरीच वर्षं चुकीच्या पक्ष्यात शोधत होते. 'पेर्ते व्हा' ओरडतो तो पावशा. चातक वेगळा: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आणि विजेच्या तारेवर अगदी उघड्यावर बसतो. तो पावसाच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतो. फक्त पावसाचा थेंब पितो ही कविकल्पना. त्याचं पोट केसाळ सुरवंटांवर भरतं आणि ओलही त्यातूनच मिळते. पण आमच्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात तारेवर बसलेला चातक दिसला, की शेतकरी हातातलं काम थांबवून वर बघतो. हे मी स्वतः बघितलं आहे. मी पक्ष्याचा फोटो काढला आणि मग वळून त्या वर बघणाऱ्या माणसाचा. माझा 'रे' म्हणजे ते दोन्ही फोटो.

चातक अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. कोकिळा घालते कावळ्याच्या. म्हणजे सप्तकातले दोन स्वर, रिषभ आणि पंचम, दुसऱ्याच्या घरी वाढलेले. कोकिळेचं पोर डोळे उघडतं ते कावळ्याच्या आवाजात. दिवसभर कानावर काव-काव. तरी मोठं झाल्यावर त्याच्या गळ्यातून निघतं ते कुहूच, एकदाही न शिकता. कोकिळ कुळाच्या पक्ष्यांचं गाणं जन्मजात असतं. आणि आम्ही? एक पंचम जागेवर बसावा म्हणून मी बुवांसमोर दोन वर्षं बसले.

शेळीचं उलट आहे. आमचा जिल्हा जगाला ठाऊक असेल तर तुळजाभवानीमुळं आणि उस्मानाबादी शेळीमुळं. बहुतेक काळीभोर, लांब कान, जुळी करडं देणारी, आणि पाऊस न पडलेल्या वर्षीही बोरी-बाभळीवर तग धरणारी. गांधार शोधायला लांब जावं लागत नाही. तो आमच्या दारात बांधलेला असतो. २०१२ सालच्या एका अभ्यासात असं आढळलं की शेळीची करडं ज्या कळपात वाढतात त्या कळपाचा हेल उचलतात. म्हणजे कोकिळ गुरूशिवाय गातो आणि शेळीला संगत लागते. करडांच्या त्या घोळक्यात मला आमचा क्लासच दिसतो.

पण तिचा फोटो काढणं महाकठीण. कॅमेऱ्याचं मीटर जगाकडे करडं समजून बघतं. समोर काळी शेळी आली की त्याला वाटतं उजेड कमी आहे. ते उजेड वाढवतं आणि काळी शेळी राखाडी होऊन बाहेर येते, पाठीमागचं ऊन पांढरं फटक. मीटरचं ऐकायचं नाही, दीड-दोन पायऱ्या उजेड कमी करायचा. मग तो काळा रंग खरा काळा येतो, आणि त्यात उन्हाची एक रेघ पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत जाते. डोळ्यातली आडवी बाहुली दिसते. चेहऱ्यावरचा एकेक केस दिसतो. तुळजापूर रस्त्यावर एका मावशींच्या शेळीचा असा फोटो मिळाला तेव्हा मावशी तो बघून म्हणाल्या, "आगं, ही तर बोलायली."

बेडकाचा धैवत एका रात्रीत मिळाला. पहिला मोठा पाऊस पडला की शेताच्या कडेच्या डबक्यात मोठे बेडूक गोळा होतात. एरवी मातकट-हिरवे असणारे नर त्या दोन-चार दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे फुगतात. लहान जातीचे काही बेडूक तर मागच्या पायांच्या फावड्यासारख्या कडांनी माती उकरत उलटे जमिनीत उतरतात आणि पावसाची वाट बघत महिनोन्महिने तिथंच राहतात. आम्ही ज्या कोरड्या भुईवर चालत होतो, तिच्याखाली धैवत झोपलेला होता.

हत्ती आमच्याकडे नाही. तरी निषाद शोधायला मी नळदुर्गच्या किल्ल्यात गेले. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं, १६१३ साली. हा राजा स्वतः गायक. 'किताब-ए-नवरस' हे त्याचं दखनी गीतांचं पुस्तक. त्यात तो आपल्या मोतीखान नावाच्या तंबोऱ्याविषयी लिहितो आणि आतशखान नावाच्या हत्तीविषयीही. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि तुम्ही महालाच्या खिडकीत कोरडे उभे असता, समोर पाण्याचा पडदा. तिथं कानात फक्त एक भरगच्च घोष असतो. हा आवाज कुठून येतो? पाणी दगडावर आपटून, असं मी समजत होते. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवलं की पाण्याचं गाणं मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचं. प्रत्येक बुडबुडा आकसतो, फुगतो आणि आपला सूर देतो; जितका मोठा तितका खालचा. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३२६० कंपनं करतो, एक सेंटिमीटरचा त्याच्या दहाव्या हिश्श्यानं. म्हणजे त्या पडद्यात प्रत्येक आकाराचा बुडबुडा, आणि प्रत्येक सूर, एकाच वेळी. निषादही त्यात असणारच. मी तो वेगळा काढू शकले नाही. किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आहे; तिचा एक फोटो काढला, त्यावर एक सरडा ऊन खात बसलेला. स्वर म्हणून तो चालणार नाही हे मला कळत होतं.

क्रौंचही मिळाला नाही. क्रौंच म्हणजे नेमका कोण यावर पक्षितज्ज्ञांत मतभेद आहेत. कुणी सारस म्हणतात, कुणी कांड्या करकोचा. सारस इकडे नाही. कांड्या करकोचे हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या मोठ्या जलाशयांवर उतरतात, पण मी बसले त्या काठांवर ते उतरले नाहीत.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सगळे फोटो जमिनीवर मांडले. सा, रे, ग. मग रिकामी जागा. प, ध. मग रिकामी जागा. मी ते ओळीनं म्हणून बघितलं आणि हातातला फडका तसाच राहिला. सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. हा भूप आहे! प्रारंभिकच्या पोरांना बुवा पहिला शिकवत तो राग. 'नारदीय शिक्षे'ची यादी घेतली तरी तेच. गायबैल आणि घोडे आमच्याकडे आहेतच. ज्या दोन स्वरांना आमच्या रानात धनी नाही, तेच दोन भूपात नाहीत.

जाणकार म्हणतील, थांबा. शार्ङ्गदेवाच्या काळचं शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचं होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातला गांधार आजच्या कोमल गांधाराच्या आसपास. मग शेळीचा गांधार कोमल धरला, तर हाच पाच सुरांचा राग भूप राहत नाही, शिवरंजनी होतो. धाराशिवात शिवरंजनी! मी मोबाइल घेऊन पुन्हा त्या मावशींच्या गोठ्यात गेले. शेळी ओरडली, काटा थरथरला, शुद्ध आणि कोमलच्या मधे हेलकावत राहिला, आणि आवाज संपेपर्यंत एकदाही स्थिर झाला नाही. पाच-सहा वेळा करून बघितलं. मावशी विचारत होत्या की शेळीला ताप आहे का.

बुवांना हे ठाऊक होतं का? त्यांनी आम्हाला यादी आणि भूप एकाच महिन्यात दिले होते, एवढं वहीतल्या तारखांवरून दिसतं. ते हयात असते तर विचारलं असतं.

यंदाच्या थंडीत मी पैठणला, नाथसागराच्या काठावर जाणार आहे. कांड्या करकोचे पहाटे उडताना थव्यानं ओरडतात असं ऐकलंय, आणि तो आवाज कॅमेऱ्यात येत नाही म्हणून सोबत रेकॉर्डरही घेणार आहे. वहीत भूपाच्या पुढचं पान उलटलं की वर बुवांच्या अक्षरात 'यमन' लिहिलेलं आहे. त्याच्यापुढं तारखेसाठी जागा सोडली आहे. बाकी पान कोरं आहे.